अमेरिकेत पदवीसाठी प्रवेश आणि आर्थिक मदत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीतली मुलं आणि त्यांचे आईवडील जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. हे पान फक्त बारावीनंतरच्या चार वर्षांच्या पदवीसाठी आहे. एमएस आणि पीएचडीचा हिशेब पूर्ण वेगळा असतो, त्यामुळे शेजारच्या दादाचा एमएसचा अनुभव इथे लावू नका. निम्मे गोंधळ तिथूनच सुरू होतात.

१. चार वर्षांना एकूण खर्च किती येतो?

नावाजलेल्या खासगी कॉलेजात शिक्षण शुल्क, राहणं, जेवण, पुस्तकं आणि विमा धरून वर्षाला साधारण ८५ ते ९५ हजार डॉलर. डॉलर ८५ रुपयांना धरला तरी हे वर्षाला ७२ ते ८१ लाख होतात, चार वर्षांचे तीन कोटींच्या आसपास. हा छापील दर झाला. प्रत्यक्षात किती भरावे लागतील हे कॉलेज किती मदत देतं त्यावर ठरतं, आणि पुढचं सगळं पान त्याबद्दलच आहे.

म्हणून यादी करण्याआधी घरात पैशांचं बोला. 'वर्षाला आपण स्वतःच्या खिशातून किती देऊ शकतो?' या प्रश्नाचा आकडा आईवडिलांनी मुलापुढे ठेवायला हवा. आपल्याकडे हे बोलायचा संकोच असतो, 'तू अभ्यास कर, पैशांचं आम्ही बघू' म्हणून विषय संपवला जातो. इथे ते चालत नाही, कारण त्या आकड्याशिवाय कॉलेजांची यादीच करता येत नाही.

२. परदेशी मुलांना ही कॉलेजं खरंच पैसे देतात? त्यांना काय मिळतं त्यातून?

देतात, पण थोडीच. जुन्या खासगी कॉलेजांकडे माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांमधून साठलेला मोठा निधी असतो आणि त्याच्या उत्पन्नातून ही मदत जाते. निरनिराळ्या देशांतली, निरनिराळ्या घरांतली हुशार मुलं एका वर्गात असावीत हा त्यांचा हेतू. अमेरिकन सरकारचा यात एक डॉलरही नसतो (प्रश्न ६).

ही मदत तीन प्रकारांनी येते: परत न करायचं अनुदान, कॅम्पसवरचं काम, आणि काही ठिकाणी कर्ज. अनुदानाला बॉण्ड नसतो. १९१३ साली डॉ. आंबेडकर कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर बडोदा संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. आजच्या कॉलेज अनुदानात तशी अट नसते. पदवीनंतर काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवता.

३. 'नीड-ब्लाइंड' आणि 'नीड-अवेअर' यांत फरक काय? आम्ही कुठे अर्ज करावा?

नीड-ब्लाइंड कॉलेज तुमचा अर्ज वाचताना तुम्ही मदत मागितली आहे की नाही हे बघतच नाही. नीड-अवेअर कॉलेज बघतं. दोन जवळपास सारखे अर्ज समोर असतील आणि एकाला वर्षाला ८० हजार डॉलर लागणार असतील, दुसऱ्याला शून्य, तर दुसऱ्याचं पारडं जड होतं.

इथे एक खोच आहे. बरीच कॉलेजं अमेरिकन मुलांसाठी नीड-ब्लाइंड आणि परदेशी मुलांसाठी नीड-अवेअर असतात. वेबसाइटच्या पहिल्या पानावर 'आम्ही नीड-ब्लाइंड आहोत' असं दिसलं की हुरळून जाऊ नका, परदेशी विद्यार्थ्यांचं पान उघडून वाचा.

परदेशी मुलांसाठीही नीड-ब्लाइंड आणि प्रवेश मिळाल्यावर पूर्ण गरज (म्हणजे एकूण खर्चातून तुमचं घर भरू शकेल ती रक्कम वजा करून उरेल ती) भागवणारी कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यांतली मुख्य: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, ब्राउन, नोत्र दाम. डार्टमथ आणि बोडन २०२२ मध्ये या यादीत आले, ब्राउन आणि नोत्र दाम त्याहून अलीकडे. इथे पैशांची अडचण नाही, अडचण प्रवेशाची आहे. शंभरातल्या पाचांनासुद्धा न घेणारी कॉलेजं यात आहेत.

दुसरा गट मोठा आणि आपल्या दृष्टीने जास्त कामाचा: नीड-अवेअर, पण ज्याला घेतील त्याची पूर्ण गरज भागवणारी. स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल, ड्यूक इथे येतात. आणि इथे नाव फारसं न ऐकलेली कॉलेजंही: ग्रिनेल, मकॅलेस्टर, व्हॅसर, स्मिथ, माउंट होल्योक, ब्रिन मॉर, मिडलबरी, स्वार्थमोर. शेवटची काही दीड-दोन हजार विद्यार्थ्यांची कॉलेजं आहेत. लग्नकार्यात 'मुलगा ग्रिनेलला आहे' म्हटलं तर कोणी ओळखणार नाही, पण शिक्षण उत्तम आणि प्राध्यापक मुलाला नावाने ओळखणारे. स्मिथ, माउंट होल्योक आणि ब्रिन मॉर ही महिला महाविद्यालयं आहेत. मुलींच्या यादीत निदान एक तरी असावं असं माझं मत आहे.

तिसरा गट थोडीफार मदत देणाऱ्यांचा. तिथे प्रवेश मिळतो, पण वर्षाला तीस-चाळीस हजार डॉलर भरायचे राहतात. पहिल्या प्रश्नातला आकडा तेवढा नसेल, तर तिथला अर्ज म्हणजे फीचे पैसे वाया.

४. आमचं उत्पन्न वर्षाला १२ लाख आहे. आम्हाला 'गरजू' कोण म्हणेल?

अमेरिकन कॉलेज म्हणेल. १२ लाख म्हणजे जेमतेम १४ हजार डॉलर. हार्वर्डने २०२५-२६ पासून १ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी शिक्षण, राहणं, जेवण सगळं मोफत केलं आहे आणि २ लाखांपर्यंत शिक्षण शुल्क माफ केलं आहे. परदेशी विद्यार्थ्यांना तिथे तेच धोरण लागू होतं. इथे जो पगार 'चांगला' समजला जातो तो त्या मोजपट्टीवर तळाशी असतो.

मात्र उत्पन्नाबरोबर मालमत्ताही बघतात. हार्वर्डसारखी काही कॉलेजं राहतं घर हिशेबात धरत नाहीत. भाड्याने दिलेला दुसरा फ्लॅट, प्लॉट, मुदत ठेवी, म्युच्युअल फंड आणि धंद्यातली गुंतवणूक मात्र धरली जाते. कागदावर पगार ९ लाख आणि पुण्यात तीन फ्लॅट, अशा घराला 'तुम्ही इतके भरू शकता' असं उत्तर येणारच.

५. सरकारी विद्यापीठं स्वस्त असतात ना, आपल्याकडच्या सरकारी कॉलेजांसारखी?

तिथल्या राज्यातल्या रहिवाशांना स्वस्त असतात. तुम्हाला नाही. बर्कली किंवा यूसीएलएला परदेशी मुलाचा खर्च खासगी कॉलेजाच्या जवळपास जातो आणि गरजेवर आधारित मदत परदेशी मुलांना जवळजवळ नसते. वर्षभर तिथे राहून रहिवासी होता येईल का, असंही विचारतात. विद्यार्थी व्हिसावर सहसा नाही.

६. एफएएफएसए भरायचा का?

नाही. तो अमेरिकन सरकारी मदतीचा अर्ज आहे, नागरिक आणि ग्रीन कार्डधारक अशांसाठी. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. तुम्ही भरायचा तो सीएसएस प्रोफाइल, म्हणजे कॉलेजच्या मदतीसाठी घरचं उत्पन्न आणि मालमत्ता कळवायचा ऑनलाइन अर्ज (प्रश्न १३). मुलाचा जन्म अमेरिकेतला असेल तर प्रश्न १९ पाहा.

७. गरजेवर नाही, गुणवत्तेवर स्कॉलरशिप मिळते का?

मिळते, पण आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्ड, येल, कोलंबिया वगैरे आठ नावाजलेल्या विद्यापीठांत नाही. ती आठही गुणवत्तेवर पैसे देत नाहीत, कारण तिथे येणारा प्रत्येकजण गुणवान असल्याचं ती धरून चालतात. बॉस्टन विद्यापीठाची ट्रस्टी स्कॉलरशिप, रिचमंड विद्यापीठाची रिचमंड स्कॉलर्स, ड्यूकची रॉबर्टसन या परदेशी मुलांना खुल्या आहेत आणि मोठ्या आहेत. स्पर्धा अर्थातच तशीच. काहींची मुदत नेहमीच्या मुदतीआधी एक-दीड महिना संपते आणि दरवर्षी कोणाची तरी त्यातच हुकते.

दोन वेगळी उदाहरणं. केंटकीतलं बेरिया कॉलेज कोणत्याच विद्यार्थ्याकडून शिक्षण शुल्क घेत नाही, पण प्रत्येकाला कॅम्पसवर काम करावं लागतं. कॅलिफोर्नियातलं डीप स्प्रिंग्ज हे १९१७ पासूनचं दोन वर्षांचं कॉलेज आहे: वाळवंटात, मोजकेच विद्यार्थी, राहणं-जेवण-शिक्षण फुकट, आणि मुलं गुरं सांभाळतात, धारा काढतात, अभ्यासही करतात. गावाकडच्या पोराला हे जमेल, मात्र वाचनाचं वेड पाहिजे.

८. टाटा, महिंद्रा, महाराष्ट्र शासन यांच्या शिष्यवृत्त्या पदवीला चालतात का?

बहुतेक नाही. जे. एन. टाटा एंडोमेंट (१८९२ पासूनची), के. सी. महिंद्रा, नरोत्तम सेखसरिया या पदव्युत्तर शिक्षणासाठी आहेत. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसुद्धा पदव्युत्तर आणि पीएचडीसाठीच. त्या लक्षात ठेवा, चार वर्षांनी उपयोगी पडतील.

अपवाद एक, आणि चांगला: कॉर्नेलमधली टाटा स्कॉलरशिप. टाटा ट्रस्टच्या देणगीतून उभी राहिलेली, भारतात शाळा शिकलेल्या भारतीय नागरिकांसाठी, पदवीलाच. एका वेळी सुमारे वीस मुलं त्यावर शिकत असतात. वेगळा अर्ज नाही; कॉर्नेलला मदतीचा अर्ज केला की विचार होतो.

मुलं अजून दहावीत असतील तर दुसरी वाट: पुण्याजवळ मुळशीत यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज आहे. तिथे किंवा परदेशातल्या त्यांच्या दुसऱ्या शाळेत अकरावी-बारावी केली, की डेव्हिस यूडब्ल्यूसी योजनेतून अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांत गरजेनुसार मदत मिळू शकते. निवड दहावीच्या वर्षीच असते. बारावीत कळून उपयोग नाही.

९. कधीपासून तयारी करायची? मुदती काय असतात?

अकरावीच्या उन्हाळ्यापर्यंत एसएटी (अमेरिकन कॉलेजांची प्रवेश परीक्षा) एकदा देऊन झालेली असावी. कॉमन अ‍ॅपचा नवा अर्ज १ ऑगस्टला उघडतो; या एकाच ऑनलाइन अर्जातून जास्तीत जास्त २० कॉलेजांना अर्ज करता येतो. लवकरच्या फेरीची मुदत १ किंवा १५ नोव्हेंबर, निकाल डिसेंबरच्या मध्यात. नेहमीची फेरी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात संपते, निकाल मार्चअखेर, आणि कॉलेजला उत्तर १ मेपर्यंत. मदतीच्या कागदांची मुदत वेगळी असते, कॉलेजागणिक वेगळी. ती वहीत लिहून भिंतीवर लावा.

बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते म्हणजे अर्ज तोवर गेलेला असतो, ही त्यातल्या त्यात सोय. जेईईवाल्यांचा जानेवारी मात्र अवघड जातो.

१०. स्टेट बोर्डाच्या मुलाला प्रवेश मिळतो का, की आयबीच लागतं?

मिळतो. आयबी हा आंतरराष्ट्रीय बोर्डाचा अभ्यासक्रम; तो असायलाच हवा असं नाही. तुमच्या शाळेत जे उपलब्ध होतं त्यात तुम्ही काय केलं, हे बघतात. अडचण बोर्डाची नसून कागदांची असते.

कॉलेजला नववी ते बारावीचे गुण हवे असतात. आपल्याकडे दहावीनंतर शाळा बदलते, म्हणजे नववी-दहावीचे कागद शाळेकडून आणि अकरावी-बारावीचे ज्युनिअर कॉलेजकडून. नववीचं प्रगतीपुस्तक मराठीत असेल तर शाळेच्या लेटरहेडवर इंग्रजी भाषांतर, मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का. बारावीचा निकाल यायचा असतो, म्हणून सहामाहीवरून अपेक्षित गुण कॉलेजने लेटरहेडवर लिहून द्यायचे. ऑफिसातले कारकून 'असं पत्र आम्ही देत नाही' म्हणतील. छापील नमुना करून न्या, प्राचार्यांना भेटा, दिवाळीच्या सुट्टीआधी न्या.

टक्क्यांचं जीपीएत (अमेरिकन पद्धतीच्या गुणसरासरीत) रूपांतर करू नका. जसे आहेत तसे गुण लिहायचे.

११. आमच्या ज्युनिअर कॉलेजात काउन्सेलर नाही. मी तर इंटिग्रेटेडला आहे, कॉलेजात कोणी ओळखतसुद्धा नाही. शिफारसपत्र कोणाचं घेऊ?

लातूर, नांदेडपासून पुण्यापर्यंत हाच प्रश्न. टाय-अप कॉलेजात नाव, दिवसभर क्लासमध्ये, आणि कॉलेजच्या शिक्षकांनी चेहरा पाहिला तो प्रॅक्टिकलच्या दिवशी.

काउन्सेलरच्या जागी प्राचार्य, उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक चालतात. त्यांना फक्त ईमेल पत्ता लागतो. कॉमन अ‍ॅप त्यांना दुवा पाठवतं आणि फॉर्म ते भरतात. सोबत कॉलेजची एक पानी माहिती लागते: किती विद्यार्थी, कोणतं बोर्ड, गुण कसे देतात, निकाल साधारण किती लागतो. ती तुम्ही टाइप करून देऊ शकता, मजकुराची जबाबदारी त्यांची.

शिक्षकांची पत्रं शक्यतो अकरावी-बारावीच्या विषयशिक्षकांची हवीत. कोणीच ओळखत नसेल तर दहावीच्या शिक्षकांचं पत्र घ्या आणि कारण जादा माहितीच्या रकान्यात दोन ओळींत लिहा. क्लासच्या सरांचं पत्र तिसरं म्हणून जोडता येतं, जिथे कॉलेज परवानगी देतं तिथे. पत्र मराठीत लिहिलं तरी बिघडत नाही. शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकांनी भाषांतर करून दोन्ही सोबत द्यावं. 'हा विद्यार्थी प्रामाणिक व होतकरू आहे' छापाच्या पत्राने काही होत नाही. गणिताच्या बाईंनी 'याने फळ्यावरची माझी चूक काढली आणि दुसऱ्या दिवशी तीच सिद्धता वेगळ्या रीतीने करून आणली' असं मोडक्या इंग्रजीत लिहिलं, तरी ते पत्र वजनदार.

'तूच लिहून आण, मी सही करतो' असं सर म्हणतील. नको म्हणा. तुमचा निबंध आणि सरांचं पत्र एकाच हातचं आहे, हे वाचणाऱ्याला कळतं.

१२. एसएटी लागतेच का? जेईईचा पर्सेंटाइल चालतो का?

एमआयटी, हार्वर्ड, स्टॅनफर्ड, ब्राउन पुन्हा परीक्षा मागू लागले आहेत. येलला एसएटीऐवजी एपी (कॉलेज बोर्डाच्या विषयवार परीक्षा) किंवा आयबीचे गुण चालतात. बोडनने १९६९ पासूनच ती ऐच्छिक ठेवली आहे. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं गुण पाठवले तरी बघत नाहीत. स्टेट बोर्डातून मदत मागणाऱ्यांना मी द्या असंच म्हणतो. आपले ९४ टक्के म्हणजे नेमके किती, हे तिकडे कळायला एक ओळखीचा आकडा उपयोगी पडतो.

जेईईचा निकाल कोणी मागत नाही. चांगला असेल तर सन्मानांच्या रकान्यात लिहा.

१३. सीएसएस प्रोफाइल कसा भरायचा? त्यालाही फी आहे म्हणे.

कॉलेज बोर्डाच्या साइटवर. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. तेवढे जड जात असतील तर कॉलेजच्या मदत कार्यालयाला ईमेल करा. काही कॉलेजं फीमाफीचा कोड देतात, काही त्याऐवजी आयएसएफएए हा कागदी अर्ज मोफत घेतात. कॉलेजच्या अर्जाची फीसुद्धा विनंतीवर माफ होते. मागायला लाजू नका.

रकमा रुपयांतच भरायच्या. लाख-कोटींच्या स्वल्पविरामांच्या सवयीने एखादं शून्य जास्त पडतं आणि बारा लाखांचे एक कोटी वीस लाख होतात. भरून झाल्यावर दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्या. सोबत पगारपत्रक, आयटीआर, बँकेची विवरणं लागतात.

आईवडील विभक्त असतील तर बरीच कॉलेजं दोघांचीही माहिती मागतात. वडिलांशी संपर्कच नसेल, तर त्यांचा भाग वगळण्याची विनंती करता येते; मुख्याध्यापक किंवा वकील अशा तिऱ्हाईताचं पत्र सोबत द्यावं लागतं.

१४. आमची शेती आहे. आयटीआर भरत नाही. सातबारा आजोबांच्या नावावर, त्यात पाच नावं. काय दाखवू?

आहे ते जसंच्या तसं. शेती उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे विवरणपत्र नसणं गुन्हा नाही. कारण एका वाक्यात लिहायचं. पुरावा म्हणून साखर कारखान्याची ऊसबिलं, दूध संघाची बिलं, आडतीच्या पट्ट्या, पीक कर्जाचं खातं, आणि हे पैसे ज्यात येतात त्या बँक खात्याचं बारा महिन्यांचं विवरण. सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन निघतात. इंग्रजी भाषांतर सोबत जोडा.

सामाईक जमिनीत फक्त आपल्या घराचा हिस्सा दाखवायचा. आजोबा हयात असतील आणि वाटणी झालेली नसेल तर ते खास परिस्थितीच्या रकान्यात लिहा: 'जमीन आजोबांच्या नावे, चार एकर, जिरायत, वारस पाच, विक्री करता येत नाही.' असं सपाट लिहा. किंमत रेडी रेकनरवरून काढा आणि तसं नमूद करा. शेजाऱ्याने हायवेला लागून विकली तो भाव लिहू नका.

आता कडू भाग. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला बऱ्याच घरांत फीसवलतीसाठी काढलेला असतो आणि त्यावरचा आकडा खऱ्या उत्पन्नाशी जुळत नाही. तो दाखला आणि बँकेचं विवरण एकाच पाकिटात गेले की प्रश्न येतो. खरा आकडा लिहा. खऱ्या आकड्यालाही गरज निघतेच (प्रश्न ४). खोट्या कागदांवर मिळालेला प्रवेश दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही रद्द होतो, आणि व्हिसासाठी खोटं सांगितल्याचं सिद्ध झालं तर अमेरिकेचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो.

१५. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळं. अर्जात काय लिहू?

पासपोर्टप्रमाणे. सगळीकडे. एसएटी, कॉमन अ‍ॅप, सीएसएस, तिन्ही ठिकाणी अक्षरशः तेच स्पेलिंग. बोर्डाच्या मार्कशीटवर 'पाटील ओंकार संजय' असं असतं. फॉर्म भरणारा पोरगा घाईत पहिलं नाव 'पाटील' टाकतो आणि मग गुण एका फाइलला, अर्ज दुसऱ्याला. पासपोर्ट अजून काढला नसेल तर आधी तो काढा.

१६. अर्ली डिसिजन करू का? पैशांशिवाय जमणार नाही.

अर्ली डिसिजन म्हणजे घेतलंत तर नक्की येईन असा शब्द. एकाच कॉलेजला देता येतो. मदत अपुरी निघाली तर त्यातून सोडवून घेता येतं, हा मान्य अपवाद आहे. पूर्ण गरज भागवणाऱ्या नीड-अवेअर कॉलेजला हा शब्द दिल्याने फायदा होऊ शकतो; त्या फेरीत मदतीची थैली अजून भरलेली असते. अर्धवट मदत देणाऱ्या कॉलेजला मात्र नको, कारण दोन कॉलेजांचे आकडे शेजारी ठेवून बघायची संधी जाते.

१७. मदत न मागता प्रवेश मिळवायचा आणि तिथे गेल्यावर मागायची, असं केलं तर?

हा सल्ला कोणीतरी हमखास देतो. बहुतेक नीड-अवेअर कॉलेजांत ही वाट बंद आहे. उदाहरणार्थ, अर्जाच्या वेळी मदत न मागितलेल्या परदेशी विद्यार्थ्याला स्टॅनफर्ड पुढच्या चारही वर्षांत मदतीला पात्र धरत नाही. पहिल्या वर्षाचे पैसे काका-मामांकडून गोळा करून गेलेलं मूल दुसऱ्या वर्षी परत येतं. गरज कमी करून सांगण्याचंही तेच: वीस हजार भरू असं लिहिलंत तर वीस हजार भरावे लागतील.

ठरल्यापेक्षा कमी मदत मिळाली तर कॉलेजला फेरविचाराची विनंती करता येते. नवीन कारण हवं: नोकरी गेली, आजारपण, सीएसएसमध्ये चुकलेला आकडा, किंवा तशाच दर्जाच्या दुसऱ्या कॉलेजचं जास्त मदतीचं पत्र. 'आम्ही गरीब आहोत' हे त्यांना आधीच माहीत असतं.

१८. यंदा नाही जमलं. इथे इंजिनीअरिंगला प्रवेश घेऊन पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू?

थांबा. इथल्या पदवीला नियमित प्रवेश घेतलात की बहुतेक कॉलेजं तुम्हाला नवीन नाही, ट्रान्सफर विद्यार्थी समजतात. परदेशी ट्रान्सफरसाठी मदत फार थोड्या ठिकाणी असते, जागाही मोजक्या. पहिल्या वर्षाला प्रवेश घेऊन आठ दिवसांत रद्द केला तर सहसा अडचण नसते, पण सेमिस्टर पूर्ण केलं तर लपवता येणार नाही आणि लपवूही नका. एक वर्ष मोकळं घेऊन पुन्हा अर्ज करणं चालतं. त्या वर्षात काय केलं ते विचारतात.

दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केलेल्यांना कोणी नवीन समजतं, कोणी ट्रान्सफर. कॉलेजला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

१९. मुलीचा जन्म न्यू जर्सीचा, वाढली ठाण्यात. तिला परदेशी म्हणून अर्ज करायचा का?

नाही. ती अमेरिकन नागरिक आहे. प्रश्न ३ मधली नीड-अवेअरची अडचण तिला बऱ्याच ठिकाणी लागूच होत नाही, एफएएफएसए भरता येतो, क्वेस्टब्रिजसारख्या, कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांसाठीच्या योजनाही खुल्या होतात. सोशल सिक्युरिटी नंबर मात्र हाताशी हवा. नसेल तर आजच सुरुवात करा. राज्याची रहिवासी फी मिळणार नाही, कारण कुटुंब तिथे राहत नाही.

२०. पूर्ण मदत मिळाली तरी व्हिसाला बँक बॅलन्स दाखवावा लागतो?

आय-२० वर, म्हणजे प्रवेशानंतर कॉलेज व्हिसासाठी जो कागद देतं त्यावर, कॉलेजची मदत आणि तुम्ही भरायची रक्कम वेगवेगळी छापलेली असते. दाखवायची ती फक्त तुमची. आय-२० आला की ३५० डॉलरची सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची), डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, १८५ डॉलरची व्हिसा फी आणि बीकेसीतल्या वकिलातीची तारीख. २०२५ च्या मे-जूनमध्ये विद्यार्थी मुलाखतींच्या नव्या तारखा काही आठवडे थांबल्या होत्या आणि तेव्हापासून सोशल मीडियाची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात. मेच्या पहिल्या आठवड्यातच आय-२० मागा.

२१. उरलेल्या रकमेसाठी कर्ज काढावं का?

वर्षाला चार-पाच लाखांचं, तर ठीक. पदवीसाठी दीड कोटीचं, तर माझं उत्तर नाही. पदवीनंतर कामाची परवानगी एक वर्ष, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना आणखी दोन. त्यात एवढं फिटेल हे गृहीत धरू नये. तारण म्हणून शेतजमीन बँका सहसा घेत नाहीत, कारण थकलं तर सरफेसी या बँकांच्या कर्जवसुलीच्या कायद्याखाली तिच्यावर जप्ती आणता येत नाही. घर किंवा मुदत ठेव मागतात. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) लागत नाही. स्वतःच्या पैशांवर वर्षाला १० लाखांच्या पुढे लागतो, आणि विवरणपत्रात वळता होतो.

२२. तिथे काम करून खर्च भागेल का?

हातखर्च भागेल. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, तेही कॅम्पसवरच: ग्रंथालय, मेस, प्रयोगशाळा. पहिल्या वर्षी बाहेरचं काम नाही. हॉटेलात रोखीने काम म्हणजे व्हिसाशी खेळ.

२३. पूर्ण स्कॉलरशिप होती, तरी पहिल्याच सत्रात कॉलेजने कराचे पैसे मागितले. फसवणूक आहे का?

नाही. शिक्षण शुल्क आणि पुस्तकांसाठीची मदत करमुक्त असते. राहण्या-जेवणासाठीची मदत मात्र उत्पन्न धरली जाते आणि एफ-१ विद्यार्थ्याच्या त्या रकमेवर १४ टक्के कर कापला जातो. १५ हजार डॉलरच्या राहण्या-जेवणावर २१०० डॉलर, म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास. कोणी हे आधी सांगत नाही आणि ऑगस्टमध्ये घरी फोन येतो.

यातले बरेच पैसे परत मिळतात. भारत-अमेरिका करकराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला तिथल्या रहिवाशासारखी प्रमाणित वजावट घेता येते. बहुतेक देशांच्या मुलांना ही सोय नाही. त्यासाठी कॉलेजकडून १०४२-एस (कापलेल्या कराचा दाखला) घ्यायचा आणि १५ एप्रिलपर्यंत १०४०-एनआर (अनिवासींचं विवरणपत्र) भरायचा. पहिल्या वर्षी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात बसूनच भरा. बाहेरचे कर सल्लागार रहिवाशांचा १०४० भरून मोकळे होतात, आणि तो दुरुस्त करत बसावं लागतं.